मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. 'टपालमास्तर' या नावातलं टपाल झिजून गेलं आणि मास्तर उरलं. नावही त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं. नवीन आलेल्या कुणीही, अगदी पाण्याची बाटली बदलायला आलेल्या माणसानेही, 'तुम्ही इथे नेमकं काय करता हो?' असं विचारायचा अवकाश, मास्तर खुर्ची वळवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, आणि मग अर्धा तास त्या बिचाऱ्याची सुटका नसायची.

तर मास्तरांचं काम असं. टेबलावर दोन पडदे. डाव्या पडद्यावर एक फोन दिसायचा, पण तो खरा फोन नव्हे, कॉम्प्युटरने घेतलेलं फोनचं सोंग. त्याला इम्युलेटर म्हणतात. त्या सोंगात ऑफिसने बनवलेलं अ‍ॅप चालायचं. उजव्या पडद्यावर प्रॉक्सी नावाचा प्रोग्राम. अ‍ॅप बाहेर जे काही पाठवेल ते आधी या प्रॉक्सीच्या हातात पडायचं आणि मगच पुढे जायचं. "म्हणजे मी टपालमास्तर," मास्तर सांगायचे. "पाकीट फोडायचं, वाचायचं, पुन्हा चिकटवायचं, पुढे धाडायचं. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्याला पत्ता नाही." आता फोन असा कुणाच्या हाती पाकीट देत नाही. म्हणून आधी त्या सोंगातल्या फोनला एक सर्टिफिकेट भरवायचं, की हा मधे बसलेला गृहस्थ भरवशाचा आहे. ते एकदा पोटात गेलं की फोन डोळे मिटून सगळं हवाली करतो. हे सांगताना मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की भरवशाचं सर्टिफिकेट जणू त्यांच्या स्वभावालाच मिळालं आहे.

दिवसभर उजव्या पडद्यावर ओळी सरकत राहायच्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक पाकीट: कुठे निघालंय, किती वाजता, किती वजनाचं. मास्तर ती फोडून वाचायचे आणि चूक सापडली की रिपोर्ट लिहायचे. रिपोर्ट म्हणजे पंचनामाच. शेजारच्या टेबलावरची मंडळी डब्याच्या वेळी त्यांच्या नकला करायची. मास्तरांना ते ठाऊक होतं, पण त्यांना वाटायचं, हुशार माणसाच्या नकला व्हायच्याच.

हुशारीचा एक किस्सा सांगायलाच हवा. प्रॉक्सी बंद करताना फोनमधली सेटिंगही पूर्वीसारखी करावी लागते, नाहीतर फोन पाकिटं घेऊन बंद खिडकीशी उभा राहतो आणि त्याला वाटतं, नेट गेलं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तरांनी एकदा दुपारभर नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला झापलं, की तुमचं नेट म्हणजे नुसता पोरखेळ आहे. त्याने बिचाऱ्याने टेबलाखाली शिरून तीन वायरी बदलल्या. मग तो उठला आणि डाव्या पडद्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुमचं पोस्ट बंद आहे." तेव्हापासून तो माणूस मास्तरांना दुरूनच नमस्कार करतो.

ऑफिसचं अ‍ॅप होतं औषधांची आठवण करून देणारं. कोणती गोळी, किती वाजता, एवढं भरून ठेवायचं, वेळ झाली की फोन वाजतो. उघडल्याबरोबर पहिल्याच पानावर लिहिलेलं: 'तुमची माहिती तुमच्या-आमच्यातच.' अ‍ॅप बाजारात यायच्या आधी साहेबांनी हुकूम काढला, की प्रत्येकाने घरची, नात्यातली दहा माणसं जोडायची. साहेब म्हणजे बत्तीस वर्षांचा, पांढरे बूट घालणारा मालक. मास्तर सहा वर्षं कंत्राटावर होते. कायम व्हायची आशा असलेला माणूस दहाच्या जागी चौदा जोडतो. मास्तरांनी मेहुणा जोडला, मेहुण्याची सासू जोडली, धाकटी बहीण जोडली, आणि सगळ्यात आधी बायको.

बायको शाळेच्या ऑफिसात कारकून. तिने आधी नाहीच म्हटलं होतं. एक कॅल्शियमची गोळी, ती काय विसरणार आहे, आणि आपलं दुखणंखुपणं फोनला कशाला सांगायचं? मास्तरांना हे लागलं. त्यांनी तिचा फोन हातातून घेतला, नंबर भरला, फोनवर आलेले आकडे टाकून तो पक्का केला, पासवर्डही स्वतःच ठरवला. चौदाही जणांना एकच पासवर्ड, लक्षात राहायला सोपा. आणि वर म्हणाले, "अगं, मी मधे बसलोय. मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही." बायकोने ते खरं मानलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याची बढाई खरी मानावी, हा तिचा एवढा एकच मूर्खपणा.

अ‍ॅप बाजारात जायला चार दिवस उरले. मास्तरांनी एका कागदावर सही करायची होती: 'तपासणी पूर्ण. वापरणाऱ्याची माहिती बाहेर कुठेही जात नाही.' साहेबांनी जाता जाता सांगून ठेवलं, की हे एवढं झालं की तुमच्या कायम होण्याचं बघू. मास्तरांनी सोमवारी सकाळी कंबर कसली. पण सोमवारी ऑफिसचा सर्व्हर झाडूनपुसून साफ होतो आणि तपासणीची सगळी खोटी खाती त्यात पुसली जातात. खोटी खाती पुन्हा बनवायची म्हणजे तासभर मोडतो. काम करणारी माणसं तो तास मोडतात. मास्तरांना घाई होती. त्यांनी सोंगातल्या फोनमध्ये बायकोचा नंबर आणि तो चौदा जणांचा पासवर्ड टाकला.

डावीकडे अ‍ॅप उघडलं, पण मास्तर डावीकडे कशाला बघतील? ते उजवीकडच्या ओळी वाचत होते. आपल्या सर्व्हरला एक पाकीट गेलं, दुसरं गेलं, ठीक. आणि मग एक ओळ आली जिचा पत्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपला सर्व्हर नव्हे. कुणीतरी तिसराच. मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सहा वर्षांत असा मासा गळाला लागला नव्हता. त्यांनी हात चोळले, खुर्ची पुढे ओढली आणि पाकीट फोडलं.

आत फोन नंबर होता. बायकोचा. नाव तिचंच, वय चव्वेचाळीस, स्त्री. कॅल्शियम, रोज सकाळी आठ. त्याखाली दुसरी एक गोळी, रोज सकाळी अकरा, आठ महिन्यांपासून. नाव ओळखीचं नव्हतं. मास्तरांनी ते शोधून बघितलं. मन खचलेल्या माणसाला देतात ती गोळी.

सकाळी अकरा म्हणजे ती शाळेत असते. घरी गोळीचं पाकीट कधी दिसलं नाही, कारण घरी ते कधी आलंच नसणार. आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना काहीही आठवेना. दिवसभर पाकिटं फोडणाऱ्या या माणसाला आपल्या घरातलं एक पाकीट दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एक गोष्ट मात्र आठवली. गेल्या वर्षी मेहुण्याने जेवताना सांगितलं होतं, की त्याच्या दुकानातला एक जण अशाच गोळ्या घेतो. तेव्हा मास्तर हातातला घास तसाच ठेवून हसले होते. हे सगळे रिकाम्या डोक्याचे चोचले, म्हणाले होते; दोन दिवस माझं काम करू दे, उदास व्हायला वेळ मिळणार नाही. सगळे हसले होते. बायको वाढायला उठली होती.

मास्तर साहेबांकडे गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. केबिनच्या दारात उभं राहून म्हणाले, की अ‍ॅपमधून एक पाकीट परक्या पत्त्यावर जातंय. साहेबांनी फोनवरून नजर न काढता सांगितलं, की दाखवा. तोवर शेजारच्या टेबलावरच्या मुलीने नवी खोटी खाती बनवली होती. मास्तरांनी त्यातलं एक लावलं, साहेब मागे उभे राहिले, ओळी सरकल्या. परका पत्ता आलाच नाही. दुसरं खातं लावलं. नाही. मास्तरांच्या लक्षात आलं: खोट्या खात्यांचे नंबरही खोटे, ते कधी पक्के झालेले नसतात. ते पाकीट निघतं फक्त खऱ्या, पक्क्या नंबरवरून. ज्याने कुणी ते अ‍ॅपमध्ये बसवलं होतं त्याला खोट्या माणसांत रस नव्हता.

"कुठाय, मास्तर?" साहेबांनी विचारलं.

पुरावा मास्तरांच्या मशीनमध्येच होता, सकाळी पकडलेला. पण त्यावर बायकोचा नंबर आणि बायकोची गोळी. तो दाखवायचा म्हणजे साहेबांना, शेजारच्या मुलीला, आणि डब्याच्या वेळेपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळणार. मास्तर म्हणाले, की सकाळी दिसलं होतं खरं, माझाच काहीतरी घोळ झाला असेल. साहेब खांद्यावर हात ठेवून, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, असं म्हणून निघून गेले. ते फार लवकर निघून गेले, हे मास्तरांना दिसलं. पण दिसलेलं सगळं लिहायचं नसतं, हे त्यांना त्या क्षणी एकदम पटलं.

जागेवर येऊन मास्तरांनी सकाळची पकड पुसून टाकली आणि कागदावर सही ठोकली. मनाशी म्हणाले, घरची अब्रू राखली. भित्र्या माणसाला स्वतःच्या भित्रेपणाला द्यायला चांगली नावं फार पटकन सुचतात. संध्याकाळी तपासणी संपली म्हणून केक कापला. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मास्तरांनी एक तुकडा बायकोसाठी कागदात गुंडाळून घरी नेला. तिने तो खाल्ला आणि छान आहे म्हणाली. मास्तर तिच्याकडे चोरून बघत राहिले. रोज बघायचे त्याच जागी बसून बघत होते, आणि ती पूर्वीपेक्षा वाळली आहे हे त्यांना आज कळलं. विचारावं असं तोंडावर आलं. पण विचारलं तर कसं कळलं तेही सांगावं लागेल, म्हणून मूग गिळून बसले. असे तीन आठवडे बसले.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी बायको शाळेतून दुपारी घरी आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालायला लागली. मास्तर पेपर वाचत होते. चार-पाच घड्या झाल्यावर ती बोलायला लागली, आवाज न चढवता. गेला आठवडाभर परक्या नंबरांवरून फोन येताहेत. आज सकाळी ती फीच्या पावत्या फाडत होती, हात गुंतलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. एका मुलीने गोड आवाजात तिला नाव घेऊन विचारलं, की हल्ली उदास वाटतं का, आणि वर सांगितलं, की तुम्ही घेता त्या गोळ्या आमच्याकडे वीस टक्के स्वस्त आहेत. गोळीचं नावसुद्धा घेतलं. समोर मोठ्या बाई उभ्या होत्या. दोन पालक उभे होते. शिपाई उभा होता. दुपारी निघताना मोठ्या बाईंनी फीच्या पेटीची किल्ली तिच्याकडून मागून घेतली. म्हणाल्या, तुम्हाला उगाच ताण नको.

मास्तरांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"त्या गोळीचं मी फक्त त्या अ‍ॅपला सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही मधे बसलात म्हणून. तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांनी विचारलं, काय माहीत होतं.

"गोळ्यांचं."

"हो."

"आणि ते बाहेर जातंय, तेही?"

मास्तर मग घडाघडा बोलायला लागले. इम्युलेटर सांगितला, खोटी खाती सांगितली, पक्का नंबर म्हणजे काय ते सांगितलं. पुरावा होता, पण त्यावर तुझं नाव होतं, तुझी गोळी होती. चार लोकांत तुझं नाव निघू नये म्हणून मी गप्प बसलो, असंही सांगितलं. हे वाक्य त्यांनी तीन आठवडे घोटून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. बायकोने हातातल्या शर्टाच्या बाह्या मागे दुमडल्या, कॉलर सारखी केली. ती कारकून बाई. तिला प्रॉक्सी कळत नाही, पण अर्जावर कुणाचं नाव घालता येतं एवढं कळतं.

"मग तुमचा नंबर का नाही टाकलात?" तिने विचारलं.

खरंच, पाच मिनिटांचं काम होतं. स्वतःचा नंबर, पक्का केलेला. स्वतःच्या नावावर कुठलीतरी एक गोळी. पाकीट निघालं असतं, साहेबांच्या डोळ्यांदेखत निघालं असतं, आणि बायकोचं नाव कुठेही आलं नसतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचावं. मास्तरांना ते सुचलं नव्हतं असंही नाही. साहेब मागे उभे असताना क्षणभर डोक्यात आलं होतं. पण कायम होण्याची ऑर्डरही त्याच क्षणी डोक्यात होती, आणि डोकं लहान पडलं.

शर्ट घड्यांवर ठेवून बायको स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी मास्तर ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. सोंगातला फोन सुरू केला, स्वतःचा नंबर टाकला, पक्का केला. आता गोळी. यादी भली लांबलचक होती. या घटकेलाही मास्तरांचा हात आधी जीवनसत्त्वाच्या गोळीवर गेला. त्यात अब्रूला धक्का नाही. मग त्यांनी ती पुसली आणि बायकोची गोळी टाकली, सकाळी अकरा. साहेब आले तसे त्यांना खुर्चीमागे उभं केलं. परक्या पत्त्याची ओळ आली. मास्तरांनी पाकीट फोडून दाखवलं.

साहेबांनी पडदा वाचला, मग मास्तरांकडे बघितलं. आवाज एकदम मऊ झाला. "मास्तर, तुम्ही ह्या गोळ्या घेता?"

नाही हो, तपासणीपुरतं टाकलंय, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर होतं. आसपासच्या टेबलांवरची टकटक थांबली होती. तपासणीपुरतं म्हटलं असतं तर साहेबही सुटले असते, म्हणाले असते, की मग खऱ्या माणसाचं कुठे काय गेलं? मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हो," ते म्हणाले. "आणि माझं औषध तुम्ही कुणाला विकलंत ते मला लेखी हवंय."

साहेबांनी लेखी काही दिलं नाही. ते पाकीट पाठवणारी ओळ मात्र पुढच्या आठवड्यात अ‍ॅपमधून गुपचूप काढली गेली, आणि कुणालाही, चुकूनसुद्धा, सांगितलं गेलं नाही की ती होती. आधी गेलेले नंबर गेलेच. मास्तरांच्या कायम होण्याचं बघणंही बंद झालं. ऑफिसात त्यांच्या नकला बंद झाल्या. सगळे त्यांच्याशी हळू आवाजात, दवाखान्यात बोलावं तसं बोलायला लागले, आणि त्यांना अवघड कामं देईनासे झाले. शेजारच्या मुलीने त्यांच्या टेबलावर एक झाडाची कुंडी आणून ठेवली. मास्तरांना त्या कुंडीचा इतका राग यायचा की बस. पण बोलायची सोय नव्हती, आणि बायको शाळेत किल्लीशिवाय कशी बसत असेल, हे त्यांना कुंडीला पाणी घालताना रोज कळत होतं.

महिनाभराने, शनिवारीच, दुपारी त्यांचा फोन वाजला. बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. मास्तरांनी फोन उचलला. गोड आवाजाची मुलगी होती. सर, तुम्हाला हल्ली उदास वाटतं का, तिने विचारलं. मास्तरांनी तिला झापायचं ठरवून ठेवलं होतं; शब्दही निवडून ठेवले होते. पण फोन बंद करून ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय गं," त्यांनी विचारलं, "तुला अजून वाटतं का उदास?"

बायकोची सुरी थांबली.

"त्या फोनवाल्या मुलीने तुमच्या आधी विचारलं मला," ती म्हणाली.

मास्तर दारातच उभे राहिले. बायकोने गॅस बारीक केला, हात पुसले, आणि स्टूल ओढून बसली.